चौथ्या फळीतली गाठ

गोकुळ,

तुझ्या फोटोला मी खऱ्या सागाची चौकट करून घेतली. तेराव्याच्या सकाळी ती भिंतीवर लावली तेव्हा मंगला पदर सावरून बराच वेळ तिच्याकडे पाहत उभी होती. मग म्हणाली, "आप्पा, त्यास्ना फोटोले खरं लाकूड? त्यास्ले हासू उनं असतं." मी तिला म्हणालो की सुताराच्या मुलाला सुताराच्याच हातची चौकट शोभते. असले एखादे वाक्य माझ्यापाशी नेहमी तयार असते, हे तुला ठाऊक आहे. ते ऐकून तुझी बायको गप्प झाली. तू व्हायचास तशीच.

तू आयुष्यभर संगणकाच्या पडद्यावर लाकूड घडवलेस आणि मी तुला ते खोटे आहे म्हणून सांगत राहिलो. तुला उत्तर देता येणार नाही असा दिवस उजाडताच मी तुझ्याभोवती चार खऱ्या पट्ट्या ठोकून घेतल्या. भाऊ गेल्यावरही वाद जिंकण्याची संधी मी सोडली नाही. त्या वेळी मला हे असे दिसले नव्हते. मी कर्तव्य करतो आहे, अशीच माझी समजूत होती.

तू कधी जन्मलास, किती शिकलास, दुकान केव्हा काढलेस, हे सारे घाटावर कोणीतरी बोलून गेले. लोकांनी माना हलवल्या. मलाही बोलायला सांगितले होते, तेव्हा मी हात जोडून बसून राहिलो. दुःखाने बोलवत नाही, असे सर्वांना वाटले. खरे तर माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. ते मला परवा मिळाले, तापीकाठी प्रकाशा गावाला, आणि आता ते ऐकायला तू नाहीस. म्हणून लिहितो आहे.

शहाद्यातल्या त्या दुकानात बाबांच्या पायाशी, भुशात, आपण दोघे वाढलो आणि दोघेही सुतार झालो नाही. मी चित्रकलेचा शिक्षक झालो, म्हणजे मुलांना लाकडी पेटीचे चित्र काढायला शिकवू लागलो. तू बाबांच्या माघारी त्याच जागेत संगणक आणि छपाईचे यंत्र आणलेस, म्हणजे प्लॅस्टिकवर लाकडाची चित्रे छापू लागलास. आपल्या दोघांत अंतर असे फार नव्हते. पण मी स्वतःला बाबांचा वारस समजत होतो आणि तुला त्यांचा घर बुडवणारा मुलगा.

यंत्र आत येईना, म्हणून तू बाबांचा कामाचा बाक मागच्या अंगणात काढलास. त्याच बाकाच्या कडेवर तू लहानपणी बाबांची करवत चोरून एक तिरपा चर पाडला होतास, आणि कोणी केले म्हणून बाबांनी विचारताच मी तुझ्याकडे बोट दाखवले होते. तो बाक उन्हात पडलेला पाहून मी तुला म्हणालो, "बाबांचा हात ज्यावर चालला ते लाकूड तू उघड्यावर टाकलेस."

"मंग तुन्हा घर लई जाय," तू म्हणालास.

"माझ्या घरात जागा कुठे आहे?"

"जागा नही, आन जीव मात्र जळी ऱ्हायना." मग यंत्राची वायर गुंडाळता गुंडाळता तू जे बोललास ते मी कधी विसरलो नाही, आणि त्यासाठी तुला क्षमाही केली नाही. "आप्पा, तू कधी रंधा हातमा धरा नही. मी बी धरा नही. मंग बापनं लाकूड कोनं? ना तुन्हं, ना मन्हं."

बाक तिथेच राहिला. लिंबाचा पाला त्यावर साचला, खालून वाळवी लागली. तू हलवला नाहीस आणि मी नेला नाही. दोष मात्र सगळा मी तुझ्या नावावर टाकला, कारण तो तुझ्या अंगणात होता.

तू लाकूड कसे घडवायचास, ते मी पुष्कळदा तुझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहिले आहे. रविवारच्या दुपारी तुझा निरोप यायचा, "आप्पा, जरासा ये ना, काहीतरी दखाडनं शे." मी यायचो. पडद्यावर कोरे पान असायचे. त्यावर तू दोन तपकिरी रंग घ्यायचास, एक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा आणि एक गाळणीत उरलेल्या चहाच्या पुडीचा. त्यांवर बारीक दाणे उधळायचास, ताटात रवा सांडावा तसे. मग ते दाणे एकाच दिशेने ओढले की त्यांच्या रेषा व्हायच्या. पान लांब ताणले की रेषा बारीक व्हायच्या. मग एखाद्या जागी त्या गरगर फिरवल्या की गाठ. दोन फळ्यांमधल्या फटीत तू काळोख भरायचास आणि त्या काळोखाच्या एका काठाला केसाएवढी उजेडाची रेघ ओढायचास. ती रेघ पडली की पडदा एकदम खोल वाटू लागायचा. दर वेळी त्या रेघेपाशी माझा श्वास किंचित अडखळायचा. हे मी तुला कधी सांगितले नाही.

तयार लाकडाची चित्रे हवी तेवढी मिळतात, उतरवून घ्यायची आणि वापरायची. बाकीचे सगळे तेच करतात. तू करत नव्हतास. मी एकदा विचारले, इतका खटाटोप कशासाठी? तू म्हणालास, "दुसरानं लाकूड चिटकाडाले मी काय डिंक शे का?" आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसलास. तुझे ते गडगडाटी हसणे मला नेहमी थोडे असभ्य वाटायचे.

"कसं वाटनं?" तू खुर्ची फिरवून विचारायचास.

आणि मी माझ्या हळू आवाजात चूक सांगायचो. पहिल्यांदा म्हणालो की गाठ वरून चिकटवल्यासारखी दिसते, खऱ्या फळीत गाठ येण्याच्या कितीतरी आधीपासून रेषा तिला वाट करून देऊ लागतात. पुढच्या रविवारी तू रेषांना वळण दिलेस. मी म्हणालो, सगळ्या फळ्यांचा रंग एक आहे, एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या निघत नाहीत. तू प्रत्येक फळी वेगळी रंगवलीस. मग मला खिळ्याभोवतीचे काळे डाग नाहीत असे दिसले. मग, जिथे वर्षानुवर्षे हात लागतो तिथला गुळगुळीत उजाळा नाही, असे. मग, दोन गाठी सारख्या आहेत, आणि लाकडात दोन गाठी कधी सारख्या नसतात, असे.

"आप्पा, तुले झाड दखाडं तरी तू म्हनशी, पानं उलटा शेतस," तू एकदा वैतागून म्हणालास. पण गाठ बदललीस. प्रत्येक वेळी बदललीस.

माझे म्हणणे चुकीचे नव्हते, गोकुळ. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. म्हणणे बरोबर होते म्हणूनच ते इतकी वर्षे चालले. चुकीचे असते तर तू मला केव्हाच हाकलून दिले असतेस. चूक सांगून झाली की तू विचारायचास, "आनखी?" आणि थांबायचास. मान थोडी वर, भुवया उचललेल्या. मला वाटायचे, तू आणखी एखादी चूक विचारतो आहेस. मी शोधायचो आणि मला सापडायची.

शाळेत मी प्रत्येक मुलाच्या चित्राखाली 'छान' असे लिहीत आलो. ज्याच्या चित्रात घर आकाशात तरंगत असते त्याच्याही. तुझ्यासाठी तो शब्द माझ्या हातातून कधी सुटला नाही.

शिक्षकांच्या खोलीत एकदा एक सहकारी म्हणाले, "सर, तुमच्या भावाचं लाकूड पावसात भिजलं तर फुगतं का हो?" सगळे हसले. मीही हसलो. तू नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर, लग्नाच्या मांडवांवर, देवांच्या तसबिरींभोवती जे लाकूड छापायचास ते सर्वांनी पाहिलेले होते. त्या हसण्याची गोष्ट तुझ्यापर्यंत कशी पोचली, मला माहीत नाही. पण पुढच्या रविवारी तू मला सहज म्हणालास, "खरं लाकूडले वाळवी लागस, आप्पा. मन्हा लाकूडले लागनी का कधी? तुन्हा मास्तरसले सांग." आणि मग, "घरमा तरी मास्तरकी नको करत जाऊ." मी तुझ्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलतो, हे तुला खुपायचे. नोकरी लागल्यानंतर मी ती बोली घरातही सोडली. तू अहिराणीत विचारायचास आणि मी प्रमाण भाषेत निकाल द्यायचो. आपण दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांतले कारकून असावेत तसे.

बाबांच्या तिथीला आपण दरवर्षी प्रकाशाला जात होतो. तापीवर पिंड द्यायचे, मग घाटावरून वर येऊन छगनभाईंच्या हॉटेलात चहा. त्यांच्या गल्ल्यामागे पूर्वी नुसती चुन्याची भिंत होती. एका वर्षी पाहतो तो तिथे जुन्या सागाच्या आडव्या फळ्या. धुराने काळवंडलेल्या, कडेला झिजलेल्या, खिळ्यांभोवती डाग पडलेल्या. कुठल्यातरी पाडलेल्या घराचे लाकूड छगनभाईंना मिळाले असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. बाकड्यावर बसून मी त्या फळ्या पाहत राहिलो. का कोण जाणे, घरी आल्यासारखे वाटले.

आणि मी तुला म्हणालो, "बघ गोकुळ. याला लाकूड म्हणतात. हे कोणी पडद्यावर करून दाखवावे."

तू छगनभाईंकडे पाहिलेस. छगनभाई मान खाली घालून चहा गाळू लागले.

"हा आप्पा," तू म्हणालास. "असं माले नही जमाव." आणि तुझे ते गडगडाटी हसणे.

त्यानंतर दरवर्षी मी त्या बाकड्यावर बसून तुला तोच धडा देत आलो. रेषा कशा वळतात ते बघ. उजाळा कुठे आहे ते बघ. तू कप घेऊन ऐकायचास आणि कधीकधी म्हणायचास, "जोडे जाईसन देख ना, आप्पा. हात लाव." मी म्हणायचो, जवळ, गल्ल्यामागे, कशाला जायचे, मला इथून दिसते. लाकूड ओळखायला मला हात लावावा लागत नाही, असाही एकदा मी टोला मारला होता. तेव्हाही तू हसलास. इतके हसू येण्यासारखे त्यात काय आहे, असे मनात आणून मी तुझ्यावर चिडलो होतो.

मग वैशालीचा साखरपुडा आला. मुलीसाठी तू व्यासपीठामागे एक मोठे दार उभे केले होतेस, कोरीव चौकटीचे, पितळी कड्यांचे. तू त्यावर किती दिवस घालवलेस, मला ठाऊक नाही. तू दाखवायला बोलावले नव्हतेस. नवऱ्या मुलाचे काका माझ्या शेजारी बसून म्हणाले की असले दार आता कुठे मिळते? मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, "मिळते कसले, ते लाकूड नाही बरं का. सगळे प्लॅस्टिक आहे." माझा आवाज आयुष्यात कधी चढला नाही. हळू बोलणाऱ्याचे लोक कान देऊन ऐकतात. तू माझ्या मागेच उभा होतास, हातात पाहुण्यांसाठी आणलेले पेढ्यांचे ताट. तू ते माझ्यासमोर धरलेस, मी पेढा उचलला, आणि तू पुढे गेलास.

रविवारचे निरोप त्यानंतर बंद झाले. मला वाटले, राग ओसरला की येईल. माझ्याकडून जायला हवे, हे मला सुचले नव्हते असे नाही. मोठ्या भावाने जायचे नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसलो होतो. तू बोलू शकत होतास, मी बोलू शकत होतो, खोलीत दुसरे कोणी नव्हते. याहून सोपी जागा नियतीने मला कधी दिली नव्हती. मी तुला विचारले, पाणी देऊ का? पंखा कमी करू का? तू डोळे मिटूनच म्हणालास, "आप्पा, एकदाव प्रकाशाले चाल मन्हासंगे."

"बरा हो," मी म्हणालो, "मग जाऊ."

"बरा व्हवानी वाट नको देखू. चाल."

मी हसून तुझे पांघरूण नीट केले. तिथीला अजून अवकाश होता, आणि तुला देवदर्शन हवे असेल, एवढेच माझ्या डोक्यात आले. तुला काय हवे होते ते विचारण्याइतकीही उत्सुकता मी दाखवली नाही.

तेराव्यानंतर मी तुझ्या दुकानात गेलो. वैशाली तुझ्या खुर्चीत होती. तुझी जुनी कामे असलेली डिस्क गेल्या वर्षीच बिघडली, त्यातले काही परत मिळाले नाही, असे तिने सांगितले. म्हणजे तू केलेल्या लाकडांपैकी आता जे छापून लोकांकडे गेले तेवढेच उरले, तेही ऊन खात. मला त्या क्षणी काय झाले कोणास ठाऊक, मी तिला म्हणालो, मला शिकव.

तिने मला कोरे पान काढून दिले. दोन तपकिरी रंग मी घेतले. दाणे उधळले, ओढले. चित्रकलेत आयुष्य गेलेल्या माणसाने जे केले ते पावसात धुऊन निघालेल्या चिखलासारखे दिसत होते. रेषा होत्या, पण फळी नव्हती. गाठ फिरवली तर ती आंघोळीच्या पाण्यातल्या भोवऱ्यासारखी झाली. मी हात काढून घेतला.

"छान झालंय, मोठे बाबा," वैशाली म्हणाली. "पहिल्या वेळेला माझं एवढंही नव्हतं झालं."

किती सहज म्हणाली ती. तिला तो शब्द तुझ्याकडून मिळालेला असणार, रोज, फुकट, पोरीच्या पहिल्या चिखलावरसुद्धा. मग तिने माझ्या हातावर हात ठेवून रेषांना लांबूनच वळण द्यायला शिकवले, गाठ येण्याच्या कितीतरी आधीपासून. "पप्पा याला आप्पानी गाठ म्हणायचे, तुमची गाठ," ती म्हणाली. "म्हणायचे, बाकीच्यांची गाठ चिकटवलेली असते. ही आप्पानी गाठ."

मी उठलो आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. बाकाचे आता चार पायांचे ठसे आणि थोडी माती उरली आहे. मला तुझा रागच आला, गोकुळ. माझ्या टोमण्याला माझे नाव देऊन तू ते रोजच्या कामात वापरत होतास, आणि मला कळू दिले नाहीस. मला कळले असते तर मी वेगळा वागलो असतो का? बहुधा नाही. त्या नावातही मी एखादी चूक काढली असती. पण ते ठरवण्याची संधी तू मला द्यायला हवी होतीस.

परवा तुझा पहिला महिना झाला, तेव्हा मी एकटाच प्रकाशाला गेलो. तू चल म्हणाला होतास, म्हणून. कशासाठी, ते अजूनही ठाऊक नव्हते. देवळात गेलो, नदीवर गेलो, आणि दुसरे काही सुचेना म्हणून वर येऊन त्याच बाकड्यावर बसलो. छगनभाईंनी न सांगता चहा ठेवला आणि समोर उभे राहिले. मी गल्ल्यामागच्या फळ्यांकडे पाहिले आणि काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "याच्यावरून माझे नि गोकुळचे दरवर्षी भांडण व्हायचे. मी त्याला म्हणायचो, लाकूड असे असते."

छगनभाईंनी हातातले फडके गल्ल्यावर ठेवले.

"सर," ते म्हणाले, "तुमले अजून माहीत नही? हाई तं गोकुळभाऊनं काम शे."

मी कप बाकड्यावर ठेवला.

"माले म्हने, आप्पा सोता हात लावत नही तोवर बोलानं नही. दर साल तुम्ही तठे बसीसन त्याले शिकाडेत, आन मी आठे हासू दाबू." ते मला पाहून ओशाळले. "मस्करी व्हती, सर. पन आते तो नही, मी कोठलोंग दाबी ठेवू?"

मी उठलो. गल्ल्याला वळसा घालून मागे गेलो, बरण्या बाजूला सारल्या आणि तळहात फळीवर ठेवला.

गार होती. गुळगुळीत. माझ्या डोळ्यांना दिसणारी एकही रेष माझ्या बोटांना लागत नव्हती. तेलाच्या वाफेचा चिकटा तेवढा खरा होता. अगदी डावीकडे छापील चित्राचा एक कोपरा सुटला होता आणि खालून पांढरा पत्रा दिसत होता. सुताराचा मुलगा, चित्रकलेचा शिक्षक, लाकूड ओळखायला ज्याला हात लावावा लागत नाही तो मी, चहाचा कप हातात घेऊन इतकी वर्षे तुझ्याच कामाची स्तुती तुझ्याच तोंडावर मारत होतो, तुला कमी दाखवण्यासाठी. आणि तू ती हसत हसत घेत होतास. मला दुसऱ्या कोणत्या मार्गाने ती देता येत नाही, हे तुला कळले होते म्हणून? की खरोखर नुसती मस्करी म्हणून? तू मला मूर्ख बनवलेस, गोकुळ, आणि एका चहावाल्यासमोर बनवलेस. ते मला लागले. लागायलाही हवे. पण ज्या दिवशी ते लागण्यात मजा होती त्या दिवशी तू इथे असायला हवे होतेस.

वरच्या फळीच्या कडेवर एक तिरपा चर होता. करवत घसरल्यासारखा. त्याच्या काठाला केसाएवढी उजेडाची रेघ. घरी आल्यासारखे का वाटायचे, ते मला तेव्हा कळले. वाळवीने खाल्लेला बाक तू आठवणीतून पुन्हा घडवला होतास आणि मी दरवर्षी येऊन त्याच्यासमोर बसत होतो.

"आनखी एक सांगेल व्हतं त्यानी," छगनभाई मागून म्हणाले. त्यांनी सवयीने खिशातून फोन काढला होता. "म्हने, आप्पानी हात लावा का त्यास्ले इचार, काय चूक शे. आन लगेच माले फोन कर. मी दुकान सोडीसन येसू." फोनकडे पाहत ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी दिलेला शब्द पाळला. "मंग सर? काय चूक शे?"

काही नाही, असे म्हणावे हे माझ्या मनात आले. मेलेल्या भावाविषयी कोणीही तेच म्हणेल. पण माझे डोळे तोवर फळ्यांवरून खाली उतरलेच होते. ते त्यांचे काम करतात, मी रडत असलो तरी करतात. चौथ्या फळीत, खालच्या अंगाला, वरून दुसऱ्या फळीतली गाठ पुन्हा आली होती. उलटी करून, थोडी मोठी, थोडी गडद. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. दोन गाठी सारख्या नसतात, हे मी तुला केव्हाच सांगितले होते आणि त्यानंतर तू ती चूक कुठेही केलेली मला आठवत नाही. इथेच का केलीस? घाईत राहून गेली, की हात लावल्यावर मला बोलायला काहीतरी असावे म्हणून तू ती माझ्यासाठी ठेवलीस?

तू "आनखी?" म्हणून भुवया उचलून थांबायचास, ते मला तिथे, त्या बरण्यांच्या मागे, पुन्हा दिसले. तू चूक विचारत नव्हतास. चूक सांगून झाल्यावर माणूस जे म्हणतो त्याची वाट पाहत होतास. मी दर वेळी अर्धेच वाक्य बोलून चप्पल घालत होतो.

घरी तुझ्या फोटोची सागाची चौकट एका कोपऱ्यात उघडली आहे. लाकूड ओले होते. मी तपासून घेतले नाही. मंगलाला म्हणालो, दुरुस्त करून आणतो. ती म्हणाली, राहू द्या, आप्पा. ती राहू देणार आहे.

छगनभाई फोन हातात धरून उभे होते. मी त्यांना सांगितले, भुशात बसून आपण ज्या भाषेत भांडायचो त्या भाषेत, जी माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी निघताना मलाच परकी वाटली.

"चौथी फळीमा गाठ चुकनी, गोकुळ. बाकी बठ्ठं बरोबर शे."

निरोप पोचवायचा असावा तशी छगनभाईंनी मान हलवली, आणि फोन परत खिशात ठेवला.